आयएसएल २०२०-२१: गोव्यातल्या बंद दारांआडच्या हंगामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल लीगमध्ये मुंबई सिटीने एकाच मोसमात शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले त्या हंगामाबद्दल अजूनही प्रश्न येत राहतात. काही अगदी साधे असतात, काही वाद मिटवायला पाठवलेले. तेच ते उत्तर पुन्हा टाइप करण्याचा कंटाळा आला म्हणून सगळे इथे एकत्र केले आहेत. मी मुंबई सिटीचा पाठीराखा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आकडे मात्र कुणाच्या बाजूचे नाहीत.

१. हा हंगाम कधी सुरू झाला, कधी संपला? एकूण सामने किती?

२० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१. इंडियन सुपर लीगचा हा सातवा हंगाम. संघ ११ होते आणि प्रत्येकजण इतर दहांशी दोनदा खेळला, म्हणजे प्रत्येकी २० आणि साखळीत एकूण ११०. उपांत्य फेरीचे चार आणि अंतिम सामना धरून ११५. पहिला सामना बांबोळीला झाला. त्यात एटीके मोहन बागानने केरळ ब्लास्टर्सला १-० हरवलं, गोल रॉय कृष्णाचा.

२. सगळे सामने गोव्यातच का खेळवले?

कोरोना. अकरा संघांनी दर आठवड्याला विमानाने देशभर फिरायचं, हे त्या हिवाळ्यात शक्यच नव्हतं. मग सगळ्यांना एकाच राज्यात आणून हॉटेलांत ठेवलं. आधी विलगीकरण, मग चाचण्यांवर चाचण्या, आणि हॉटेल ते सरावाचं मैदान ते स्टेडियम एवढंच जग. गोवा निवडण्यामागचं कारण सरळ आहे. एकमेकांपासून तासाभराच्या आत तीन स्टेडियम आणि अकरा संघांना पुरतील इतकी सरावाची मैदानं एवढ्याशा राज्यात मिळतात. शिवाय हॉटेलं पर्यटकांअभावी तशीही रिकामीच होती.

तीन मैदानं म्हणजे मडगावचं फातोर्डा, बांबोळीचं जीएमसी अ‍ॅथलेटिक स्टेडियम आणि वास्कोचं टिळक मैदान.

३. मग "मुंबईचा घरचा सामना" असं पडद्यावर का लिहून यायचं?

कागदोपत्री. वेळापत्रकात एक संघ यजमान लिहावाच लागतो, म्हणून लिहिला. मुंबई सिटीचं खरं घर अंधेरीचं मैदान, तिथे त्या हंगामात चेंडूही पडला नाही. हा कागदोपत्री फरक एका ठिकाणी मात्र मोलाचा ठरू शकला असता, तो प्रश्न ९ मध्ये आहे.

४. प्रेक्षकांना एकाही सामन्याला प्रवेश नव्हता? अंतिम सामन्यालाही नाही?

नाही. एकाही नाही. फुटबॉलवेड्या गोव्यात चार महिने रोजच्या रोज सामने, आणि गोवेकरांनी ते टीव्हीवर पाहायचे! बांबोळीचं स्टेडियम हमरस्त्याला लागून आहे. माझा फोंड्याचा मावसभाऊ संध्याकाळी पणजीहून परतताना तिथे स्कूटर बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबायचा. दिसायचे फक्त प्रकाशझोत. ऐकू यायचा तो गोलरक्षकाचा ओरडा आणि रेफ्रीची शिट्टी. "गोल झाला की आवाजच येत नाही रे," तो म्हणाला होता, "मोबाइल बघूनच कळतं."

टीव्हीवर ऐकू येणारा गलका ध्वनिमुद्रित होता, हेही अनेकजण विचारतात म्हणून सांगून टाकतो.

५. अकरा संघ कोणते? आणि पुण्याचा संघ का नव्हता?

मुंबई सिटी, एफसी गोवा, एटीके मोहन बागान, एससी ईस्ट बंगाल, नॉर्थईस्ट युनायटेड, हैदराबाद, जमशेदपूर, बंगळुरू, चेन्नईयिन, केरळ ब्लास्टर्स, ओडिशा.

पुणेकरांचा प्रश्न दुखऱ्या जागेचा आहे. एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. पुढच्याच वर्षी पैशांचं गणित कोलमडलं आणि २०१९ मध्ये संघ बंद झाला. त्याच्या जागी जो आला तो हैदराबाद एफसी. २०२०-२१ मध्ये हैदराबाद पाचवा आला आणि त्याच्या पुढच्या हंगामात चषक जिंकून बसला. बालेवाडीला मॅच बघायला जाणाऱ्या माझ्या एका मित्राने त्या रात्री टीव्ही लावलाच नाही.

६. "एटीके मोहन बागान" हा कुठला क्लब? मोहन बागान तो हाच का?

हो, तोच. एटीके हा आयएसएलमधला कोलकात्याचा संघ. मोहन बागान हा १८८९ चा क्लब, तोवर आय-लीग या देशातल्या दुसऱ्या लीगमध्ये खेळत होता. २०२० मध्ये दोघे एकत्र आले आणि हे जोडनाव पडलं. पाठीराख्यांना ते कधीच रुचलं नाही. २०२३ मध्ये "एटीके" गळून मोहन बागान सुपर जायंट झालं. कोलकात्याच्याच ईस्ट बंगालचा प्रवेश तर हंगाम तोंडावर आला असताना, सप्टेंबर २०२० च्या अखेरीस जाहीर झाला. तयारीला वेळच मिळाला नाही, आणि ते तक्त्यात दिसलं: नववा क्रमांक. आयएसएलमधली पहिली कोलकाता डर्बी २७ नोव्हेंबरला वास्कोच्या टिळक मैदानावर झाली. बागान २, ईस्ट बंगाल ०. ज्या सामन्याला कोलकात्यातलं सॉल्ट लेकचं स्टेडियम तुडुंब भरतं, तो रिकाम्या खुर्च्यांपुढे.

७. शील्ड वेगळी आणि चषक वेगळा म्हणजे काय? खरा विजेता कोण?

शील्ड, म्हणजे लीग विनर्स शील्ड, साखळीतल्या २० सामन्यांनंतर गुणतक्त्यात पहिल्या असणाऱ्याला मिळते. चषक मिळतो तो पहिल्या चार संघांच्या बाद फेरीतून अंतिम सामना जिंकणाऱ्याला. शील्ड २०१९-२० पासून सुरू झाली, पहिली एफसी गोवाने जिंकली. आशियाच्या चॅम्पियन्स लीगचं तिकीट शील्डबरोबर मिळायचं, चषकाबरोबर नाही.

माझं मत विचाराल तर शील्ड मोठी. चार महिने, २० सामने, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोनदा. अंतिम सामना एका रात्रीचा खेळ असतो आणि त्या रात्री कुणाच्या तरी हातून चेंडू निसटतो (प्रश्न ११ पाहा). पण चषक उचलतानाचा फोटो जास्त फिरतो, त्याला काय करणार? मुंबईने २०२०-२१ मध्ये दोन्ही जिंकल्यामुळे निदान त्या हंगामापुरता तरी वाद उरत नाही. एकाच हंगामात दोन्ही जिंकणारा तो पहिला क्लब.

८. मुंबई आणि बागान दोघांचे ४० गुण होते. मग मुंबई पहिली कशी?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. गुण समान झाले की आधी पाहायचं ते त्या दोन संघांमधले सामने. मुंबईने बागानला ११ जानेवारीला १-० आणि २८ फेब्रुवारीला २-० असं दोन्ही वेळा हरवलं होतं. विषय तिथेच संपतो. पुष्कळजण "गोलफरकावर जिंकले" असं लिहितात, ते चूक. गोलफरकही मुंबईचाच चांगला होता (अधिक १७, बागानचा अधिक १३), पण तिथवर जायची वेळच आली नाही.

आता २८ फेब्रुवारीबद्दल जरा सविस्तर, कारण हंगामाचा कणा तो दिवस आहे. त्याआधी मुंबईची घसरण सुरू झाली होती. पहिला सामना नॉर्थईस्टकडून हरल्यावर ते सलग १२ सामने अपराजित होते. ३० जानेवारीला पुन्हा नॉर्थईस्टनेच ती मालिका तोडली. मग फेब्रुवारीत बंगळुरूकडून ४-२ आणि जमशेदपूरकडून २-० अशा लागोपाठ हारी. शील्ड गेली असं आम्ही घरात जवळजवळ मान्यच केलं होतं. २४ तारखेला ओडिशाला ६-१ धुतलं, त्यात बिपिन सिंगची हॅटट्रिक. तरी शेवटच्या सामन्याआधी बागान ४०, मुंबई ३७. बागानला नुसती बरोबरी पुरेशी होती, मुंबईला जिंकायलाच हवं होतं. सातव्या मिनिटाला मुंबईच्या मुर्तदा फॉलचा हेडर, ३९व्या मिनिटाला ओगबेचेचा गोल. पुढचा अख्खा उत्तरार्ध मी सोफ्याच्या कडेवर बसून काढला, पाठ टेकली ती शिट्टी वाजल्यावरच.

९. उपांत्य फेरीत गोव्याविरुद्ध "बाहेरच्या मैदानावरचे गोल" धरले असते तर?

या नियमात एकूण गोल समान झाले तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे जातो. तो धरला असता तर मुंबई जादा वेळ न खेळताच पुढे गेली असती. पहिला सामना ५ मार्चला, कागदोपत्री गोव्याच्या घरी, २-२. परतीचा ८ मार्चला, ०-०. एकूण २-२ आणि मुंबईचे दोन्ही गोल "बाहेरचे". पण हा नियम त्या हंगामात लागू नव्हता, आणि ते बरंच झालं. एफसी गोवाला फातोर्ड्यात घरी म्हणायचं हे ठीक. मुंबईला बांबोळीत घरी म्हणायचं म्हणजे जरा अतीच. म्हणून जादा वेळ आणि मग पेनल्टी शूटआउट.

१०. शूटआउटच्या आधी दोन्ही गोलरक्षक बदलले, ते खरं का?

खरं. जादा वेळ संपत आली असताना मुंबईने कर्णधार अमरिंदर सिंगला बाहेर बोलावून सिक्कीमच्या फुर्बा लाचेनपाला उतरवलं. गोव्यानेही धीरज सिंगच्या जागी नवीन कुमारला आणलं. कर्णधाराला शूटआउटआधी काढणं म्हणजे धाडसच. हरले असते तर प्रशिक्षकाला आम्हीच फाडून खाल्लं असतं.

मुंबई ६-५ जिंकली. शेवटी गोव्याच्या ग्लॅन मार्टिन्सची पेनल्टी हुकली आणि मुंबईच्या रॉलिन बोर्जेसने आपली मारली. रॉलिन मूळचा गोव्याचाच! गोव्याच्या पोराने गोव्यातच गोव्याला बाहेर काढलं, हे मावसभाऊ अजून विसरलेला नाही. ग्लॅनची गोष्ट आणखी वेगळी. तो जानेवारीपर्यंत बागानमध्ये होता. हंगामाच्या मध्यावर खेळाडूंची अदलाबदल चालते तेव्हा तो गोव्यात आला आणि गोव्याचा लेनी रॉड्रिग्ज बागानमध्ये गेला.

११. अंतिम सामन्यात काय झालं?

१३ मार्च, फातोर्डा, मुंबई २, बागान १. डेव्हिड विल्यम्सने १८व्या मिनिटाला बागानला पुढे नेलं. २९व्या मिनिटाला बागानच्याच तिरीचा स्वयंगोल. मग ९०व्या मिनिटापर्यंत १-१, आणि सगळे जादा वेळेच्या तयारीत. लांबून आलेला चेंडू घ्यायला बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य पुढे आला, त्याला तो नीट काढता आला नाही. ओगबेचेने तो हिसकावून बिपिनकडे सरकवला आणि बिपिनने रिकाम्या जाळ्याकडे मारला. त्याच रात्री सर्वोत्तम गोलरक्षकाचा गोल्डन ग्लोव्ह अरिंदमलाच मिळाला. पुरस्कार हंगामभराच्या कामगिरीचा होता आणि तो त्याने कमावलाच होता. पण तो घेतानाचा त्याचा चेहरा बघवत नव्हता.

१२. त्या सामन्यात मुंबईच्या कुठल्या खेळाडूला रुग्णवाहिकेतून नेलं?

अमेय रानवडे, आपला मुंबईचा बचावपटू. पहिला हाफ संपत आला असताना धडक झाली, डोक्याला मार लागला आणि तो निपचित पडला. दोन्ही संघांचे खेळाडू हात हलवून डॉक्टरांना बोलवत होते. रिकाम्या स्टेडियममध्ये ती शांतता टीव्हीवरही ऐकू येत होती. नंतर तो सावरला आणि पुन्हा खेळू लागला. ज्यांनी त्या वेळी "तो कसा आहे?" असे मेसेज केले होते, त्यांच्यासाठी हे उत्तर उशिरा का होईना.

१३. मुंबई म्हणजे एफसी गोवाचीच दुसरी आवृत्ती होती, असं गोवेकर म्हणतात. बरोबर आहे?

निम्मं. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा गोव्यातून आलेला. जानेवारी २०२०च्या अखेरीस संघ जोरात असताना गोव्याने त्याला निरोप दिला होता. त्याच्यामागोमाग अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस आणि मंदार राव देसाई मुंबईत आले. खेळण्याची पद्धतही तीच: चेंडू आपल्याकडे ठेवायचा, मागून बांधत यायचं. मुंबई-गोवा पहिली गाठ २५ नोव्हेंबरला पडली आणि भरपाई वेळेत ली फाँड्रेच्या पेनल्टीवर मुंबई १-० जिंकली. गोव्यातून आलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज इथे छापण्याजोगे नाहीत.

उरलेलं निम्मं असं की ओगबेचे, ली फाँड्रे, अमरिंदर, बिपिन यांचा गोव्याशी संबंध नव्हता. पैसाही होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपने, मुंबई सिटीत ६५ टक्के हिस्सा घेतला होता.

१४. मैदानात एका वेळी किती परदेशी खेळाडू चालायचे?

पाच. पुढच्या हंगामापासून चार. जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहून "नियम मोडला का?" असं विचारणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो.

१५. गोल्डन बूट इगोर अँग्युलोला का? रॉय कृष्णाचेही १४ गोल होते ना?

दोघांचेही १४. एफसी गोवाचा अँग्युलो कमी मिनिटं खेळला होता, म्हणून बूट त्याला. कृष्णाला हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल मिळाला, तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका.

१६. खालिद जमीलचं नाव या हंगामाच्या संदर्भात का घेतात?

कारण आयएसएलमध्ये संघाला पहिल्या चारांत नेणारा तो पहिला भारतीय प्रशिक्षक. जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेडने जेरार्ड नुसला काढलं तेव्हा सहायक असलेल्या जमीलकडे संघ तात्पुरता आला. त्यानंतर साखळीत नॉर्थईस्ट एकही सामना हरला नाही. ३३ गुणांसह तिसरा क्रमांक. उपांत्य फेरीत बागानने त्यांना एकूण ३-२ असं रोखलं.

मुंबईकरांना हे नाव नवं नाही. महिंद्रा युनायटेडकडून खेळलेला, मग मुंबई एफसीचा अनेक वर्षं प्रशिक्षक, कूपरेजला कडेला उभा राहून कमी बोलणारा माणूस. २०१७ मध्ये आयझॉलला आय-लीग जिंकून दिली तीही त्यानेच. त्या वेळी भारतीय प्रशिक्षकाला "तात्पुरता" हे बिरूद चिकटूनच यायचं. त्याने ते चिकटवणाऱ्यांची पंचाईत केली.

१७. शेवटच्या क्रमांकावरचा ओडिशा खाली का गेला नाही?

पदावनती नव्हतीच. ओडिशाचे २० सामन्यांत १२ गुण, दोनच विजय, आणि तरीही पुढच्या वर्षी जागा कायम. त्यांच्या प्रशिक्षकाला, स्टुअर्ट बॅक्स्टरला, फेब्रुवारीत काढलं ते मात्र निकालांपेक्षा पेनल्टीबद्दल केलेल्या अत्यंत आक्षेपार्ह विधानामुळे. त्या दोन विजयांपैकी एक बघण्यासारखा होता: २७ फेब्रुवारीला ईस्ट बंगालविरुद्ध ६-५. हो, फुटबॉलच. बचाव नावाची गोष्ट दोन्हीकडे सुट्टीवर होती.

उलट बाजूने, त्याच वर्षी आय-लीग जिंकणाऱ्या गोकुलम केरळलाही वर येता आलं नाही. आय-लीग विजेत्याला आयएसएलचं दार उघडलं ते पंजाबसाठी, २०२३ मध्ये.

१८. शील्ड जिंकून मुंबई आशियात कधी खेळली? २०२१ मध्ये तर गोवा खेळत होता.

इथे एक वर्षाचा फरक लक्षात घ्या. एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळला तो २०१९-२० च्या शील्डमुळे. त्या गटसाखळीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब आणि अल रय्यानविरुद्ध ०-० करून पहिला गुण मिळवणाराही. २०२०-२१ च्या शील्डवर मुंबई गेली ती एप्रिल २०२२ मध्ये, रियाधला. तोवर लोबेरा क्लब सोडून गेला होता, प्रशिक्षक डेस बकिंगहॅम होता आणि ओगबेचे, अमरिंदर, बुमूसही संघात नव्हते. म्हणजे तिकीट एका संघाने काढलं, प्रवास दुसऱ्याने केला. ११ एप्रिलला इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला २-१ हरवलं. या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबचा पहिला विजय, आणि निर्णायक हेडर मुंबईच्याच राहुल भेकेचा. भेके २०२०-२१ मध्ये मात्र बंगळुरूकडून खेळत होता. त्याला शील्ड विजेत्यांच्या यादीत शोधू नका.

१९. अख्ख्या हंगामातला एकच सामना पाहायचा असेल तर कुठला?

अंतिम सामना नाही. ८ फेब्रुवारी, मुंबई ३, गोवा ३. बुमूस आणि ली फाँड्रेने मुंबईला २-० पुढे नेलं. गोव्याच्या ग्लॅन मार्टिन्सने लांबून असा काही फटका मारला की समालोचकही क्षणभर थांबला. अँग्युलोने बरोबरी केली. ९०व्या मिनिटाला रॉलिन बोर्जेसने मुंबईला ३-२ आघाडी मिळवून दिली आणि मी फोन उचलून मावसभावाला चिडवायला लागलो. तो काहीच बोलत नव्हता. त्याच्याकडचं प्रक्षेपण माझ्यापेक्षा अर्धा मिनिट पुढे असायचं, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. तो एकदम ओरडला. मी पडद्याकडे वळलो तेव्हा माझ्याकडे गोव्याचा ईशान पंडिता बरोबरीच्या गोलासाठी नुकताच उडी मारायला लागला होता. ९६वं मिनिट.